वंश आणि लिंगभाव: दोन सुटे रकाने पुरणार नाहीत

तुमच्या प्रबंधाचा आराखडा वाचला. अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन सर्व्हे, त्यात वंश हा एक घटक, लिंगभाव हा दुसरा, आणि विद्यापीठ कुणाला आपलं वाटतं हे आकड्यांतून काढायचं. विषय फार मोलाचा आहे. पण हे दोन घटक सुटेसुटे मोजलेत, तर ज्यांच्याबद्दल खरं कळायला हवं त्या मुलीच हातातून निसटतील.

हे कसं घडतं ते डीग्राफेनरीड विरुद्ध जनरल मोटर्स या 1976च्या निकालात लख्ख दिसतं. खटला कारखान्यातला आहे, तरी वाचाच. 1964पूर्वी त्या कंपनीने कृष्णवर्णीय बायकांना घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि शेवटी आलेल्यांना आधी काढायचं या नियमाने त्यांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनी बायकांना आधीपासून घेत होती, मग लिंगावरून भेदभाव कुठे? त्या आधीच्या बायका गोऱ्या होत्या. वंशाची तक्रार असेल तर ती कृष्णवर्णीय कामगारांच्या दुसऱ्या खटल्यासोबत चालवा. दोन्ही मिळून वेगळी तक्रार मान्य नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989च्या लेखात ही फट दाखवली आणि इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे एकाच माणसावर दोन-तीन ओळखींचा एकत्र पडणारा भार, हा शब्द तिथून रुळला.

विद्यापीठात हीच फट हजेरीपटाच्या आड लपते. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये मुली मुलांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. नुसते प्रवेशाचे आकडे पाहणारा म्हणतो, यांचं ठीक चाललंय, लक्ष मुलांकडे द्या. मुलांचे प्रश्न खरे आहेतच. पण वर्गात एकटी कृष्णवर्णीय मुलगी असणं, गटकामात कुणी जोडीला न घेणं, तिच्या ठाम बोलण्याला उद्धटपणा म्हटलं जाणं, यातलं काहीच प्रवेशाच्या तक्त्यात येत नाही. त्यासाठी मुलाखतीच लागतील. सर्व्हे ठेवा, पण मुलाखती आधी घ्या आणि त्यांतून निघालेले प्रश्न सर्व्हेत घाला.

आता फॉर्म. वंशाचा प्रश्न तुम्ही पहिल्याच पानावर घेतलाय, तो शेवटी न्या. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी 1995मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात कठीण चाचणीआधी नुसता वंश लिहायला लावला, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली. मात्र हे वाक्य प्रबंधात बिनदिक्कत टाकू नका. त्या प्रयोगांतले गट लहान होते. मुली गणितात कच्च्या या समजामुळे त्यांची कामगिरी घसरते का, यावर नेदरलँड्समध्ये 2,000हून अधिक शाळकरी विद्यार्थ्यांसह झालेल्या, 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा परिणाम दिसला नाही. तरीही प्रश्न शेवटी नेण्यात तुमचं काहीच जात नाही.

सरकारी वर्गवारी जशीच्या तशी उचलू नका, ही माझी आग्रहाची विनंती. 'आशियाई' या एका खणात आग्नेय आशियातून निर्वासित होऊन आलेल्या ह्माँग समाजाच्या कुटुंबातली मुलगी आणि डॉक्टर आईबापांची न्यू जर्सीतली मराठी मुलगी शेजारी बसतात. आणि पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर आलेली मुलगी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आकडेवारीत वंशाच्या कुठल्याच खणात नसते, परदेशी विद्यार्थी वेगळे मोजले जातात. वर्गात मात्र तिला तपकिरी म्हणूनच पाहिलं जातं. म्हणून एक मोकळी ओळ ठेवा: तुम्ही स्वतःची ओळख कशी सांगाल?

जातीचा प्रश्न घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. दक्षिण आशियाई विद्यार्थी असतील तर जरूर घ्या. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने 2022मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली आहे, त्यामुळे गाईडला पटवणं जड जाणार नाही. पण तो वंशाच्या प्रश्नात कोंबू नका; स्वतंत्र आणि ऐच्छिक ठेवा. एखाद्या विभागात दलित विद्यार्थिनी एकच असू शकते. विभाग, वर्ष आणि जात एकत्र छापलंत तर ती कोण हे सगळ्यांना कळेल, आणि जात लपवून राहणाऱ्या मुलीला ते फार महागात पडतं. विभागाऐवजी नुसतं 'विज्ञान शाखा' लिहा आणि नैतिक मंजुरीच्या अर्जातच तसं नमूद करा.