मोबाइलच्या पडद्यावर नक्की काय जळतं?

प्रश्न : ताई, मी नाशिक-मुंबई गाडी चालवतो. दिवसभर मोबाइल डॅशबोर्डवर, मॅप चालू, ब्राइटनेस फुल. आता फोटो उघडला तरी मॅपची वरची पट्टी आणि खालची बटणं पुसट दिसत राहतात. दुकानदार म्हणतो अमोलेड आहे, डिस्प्ले बर्न झालाय. म्हणजे जळलं काय?
– एक वाचक, द्वारका, नाशिक

उत्तर : दादा, अमोलेड पडद्यात मागून लाइट मारणारा दिवा नाहीच, तिथं करंट मिळाला की कार्बनयुक्त रेणू स्वतःच पेटतात, म्हणजे उजेड देतात, आणि झिजलेत तेच. आधी घरी एक करून बघा. काचेच्या बाटलीत थोडं स्पिरिट घ्या (गॅसपासून लांब हं), चिमूटभर हळद टाका, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. हिरवट पिवळा उजेड येतो, इतका छान की मुलं बाटली सोडत नाहीत! हळदीतला रेणू टॉर्चची ऊर्जा घेतो आणि ती उजेड म्हणून परत टाकतो. पडद्यात टॉर्चऐवजी करंट देतात, एवढाच फरक. १९८७ साली कोडॅकमधल्या टँग आणि व्हॅनस्लाइक यांनी असे पातळ थर लावून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला, आणि १९९० मध्ये केंब्रिजच्या लोकांनी तर चक्क पॉलिमर, म्हणजे आपल्या भाषेत प्लॅस्टिकच, पिवळट हिरवं पेटवलं.

पण करंट दिला की साधारण चारातला एकच रेणू उजेड देण्याच्या स्थितीत जातो, बाकी तिघांची ऊर्जा उष्णतेत वाया. पडद्यावरचे सगळे रंग लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून होतात. इरिडियमसारखा जड धातू रेणूत बसवला की ते तिघंही उजेड देतात, म्हणून लाल आणि हिरव्याचं काम झालं. धातूशिवाय तेच साधायची युक्ती जपानच्या अडाची यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवली. अडलंय ते निळ्यापाशी. निळ्या उजेडाला ऊर्जा जास्त लागते, तेवढी पोटात धरून बसलेल्या रेणूचा कधीकधी स्वतःचाच बंध तुटतो, आणि तुटलेला रेणू पुन्हा पेटत नाही, वर शेजाऱ्यांचीही ऊर्जा खातो. या निळ्याच्या मागं आजही जगभर लोक लागलेत आणि मला तरी या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं.

तुमच्या मॅपची पट्टी पांढरी, पांढऱ्यात निळा येतोच, ती एकाच जागी रोज तासन्‌तास पेटलेली, त्यात काचेतून ऊन, आणि उष्णतेनं झीज अजून वाढते. तिथले रेणू बाकीच्यांच्या आधी थकले, म्हणून डाग. तो पुसून जाणार नाही.

मॅपला डार्क मोड लावा, काळा भाग म्हणजे तिथले रेणू चक्क बंद. ब्राइटनेस उतरवा, फोन उन्हातून हलवा, हायवेला सरळ रस्ता असला की स्क्रीन बंद करून नुसता आवाज ऐका. आणि रस्ता नीट दिसतोय तोवर डिस्प्ले बदलायची घाई करू नका.