सासूबाईंचा चाळीस दिवसांचा उपास

प्रश्न: मावशी, आम्ही डॅलसला असतो. सासर वैजापूर तालुक्यातलं, घोगरगावच्या बाजूचं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. वय ६८, साखरेच्या गोळ्या चालू. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे सगळा प्रायश्चित्तकाळ, एकच वेळ जेवणार म्हणतात. यांना आईपुढे बोलवत नाही. त्यात आमचा १५ वर्षांचा मुलगा म्हणतो, त्या बुधवारी चर्चमध्ये लावतात ती राख कपाळावर घेऊन शाळेत जाणार नाही. काय करू?

उत्तर: मुलाचं नंतर बघू, आधी सासूबाई. साखरेच्या काही गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर एकदम खाली येते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू द्यायचं नाही.

चर्चचा नियम तर त्यांना लागूच होत नाही. उपास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाला, तोही वर्षातून दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं, पण ते दोन्ही मिळून जेवणाएवढं होता कामा नये. आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाणा, भगर आणि मागोमाग ‘एकादशी दुप्पट खाशी’. चर्चच्या उपासाला भाकरी चालते, भात चालतो. कमी करायचं ते ताटातलं प्रमाण. मांस वर्ज्य करणं ही वेगळी गोष्ट. ती या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी, वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना. म्हणजे चिरंजीव त्यात आले. अंडी, दूध, मासे चालतात. तिकडे बऱ्याच चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारी तळलेल्या माशांचा बेत असतो. नियमात बसतो खरा, पण ताट भरून तळलेला मासा खाऊन त्याला त्याग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं सासूबाईंना ऐकवून त्या ऐकतील असं मात्र वाटत नाही. गावी पहाटे उठून अंगण झाडणारी, सुगीला ज्वारी काढणारी, चर्चमध्ये भजनाला पुढं बसणारी बाई आज तुमच्या सोफ्यावर बसून आहे. गाडी येत नाही, मिस्सा (चर्चमधली उपासना) इंग्रजीत, भांडी मशीन घासतं. स्वतःच्या हातात उरलंय काय, तर जेवायचं की नाही एवढंच. ते तुम्ही काढून घ्यायला निघालात, मग कुरबूर होणारच.

म्हणून आधी हातात दुसरं काही द्या. दर शुक्रवारी संध्याकाळी घरीच क्रुसाची वाट करा, म्हणजे येशूच्या क्रुसाच्या वाटेवरच्या प्रार्थना, मराठीत, चौदाही स्थानं, आणि पुढारपण त्यांचं. मुलगा अडखळत वाचेल, वाचू द्या. त्या चुका सुधारतील. त्या दिवशीचा स्वयंपाकही त्यांचाच: पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. तिकडच्या दुकानातलं पीठ जुनं असतं, भाकरी थापताना तुटते. पीठ उकळत्या पाण्यात भिजवायला सांगा. म्हणजे काय सांगा, त्यांना तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. वाचलेले पैसे एका डब्यात टाका. ईस्टरला ते गावी कुणाला पाठवायचे हे त्याच ठरवतील.

आणि गावच्या फादरांना फोन लावून द्या. तुमच्या संध्याकाळी साडेसातला इकडे सकाळचे सात वाजलेले असतात, मार्चमध्ये तुमची घड्याळं पुढे गेली की सहा. सुनेनं सांगितलेलं आणि फादरांनी सांगितलेलं यात फरक पडतो. कडू आहे, पण गिळा. फादरांना म्हणावं, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार वगळून ४० मोजतात, हेही बोलता बोलता काढा. निदान रविवारी तरी त्या पोटभर जेवतील.

आता मुलगा. राखेच्या बुधवारी मिस्सा चुकली तर पाप नाही, तो सक्तीचा सण नव्हे. बहुतेक ठिकाणी संध्याकाळचीही मिस्सा असते. शाळा सुटल्यावर न्या, वाद मिटला. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सेत वाचतात तो बायबलचा उतारा, मत्तयच्या ६व्या अध्यायातलं: उपास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना दाखवू नकोस. ते ऐकून लगेच कपाळावर राख घ्यायची, हा पेच पोराच्या लक्षात आला तर रागावू नका. रोममध्ये तर राख डोक्यावर टाकतात, कपाळावर क्रूस सहसा काढत नाहीत.

राहिले तुमचे ‘हे’. आईपुढे बोलवत नसेल तर नको बोलायला. गोळ्यांची डबी त्यांच्या ताब्यात द्या. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी आईसमोर बसून दोघांनी नाश्ता करायचा, मग गोळी. मुलगा ताटावर बसून वाट बघतोय म्हटल्यावर कुठली आई उठून जाते ते मला कळवा.