कुरण कापताना बुडाकडे बघा

पावसाचं गवत जोमात आलं की कुरणाविषयीचे प्रश्नही जोमात येतात. यंदाच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे, म्हणून तो आधी घेतो: "जनावरं चरून बाहेर पडली की मागे उंच, जून ठोंब राहतात. यंत्र फिरवून सगळं जमिनीसपाट केलं तर खालून एकसारखं कोवळं गवत येईल ना?"

येणार नाही. का, ते रानातच बघता येतं. कुरणातल्या गवताचा एक फुटवा बुडासकट उपटा आणि नखाने उभा चिरा. पानांच्या गुंडाळीच्या तळाशी, मातीला अगदी लागून, पांढरट, नाजूक कोंब दिसेल. गवताची वाढ तिथून होते. गवत पानावर असेपर्यंत हा कोंब खाली सुरक्षित असतो, म्हणून जनावराने वरचं पान ओरबाडलं तरी पान पुन्हा लांबतं. गवत पोटरीत आलं, म्हणजे दांड्यात तुरा धरू लागलं, की हाच कोंब दांड्याबरोबर वर चढतो. आता दुसरा फुटवा घ्या, निसवायला (तुरा बाहेर पडायला) आलेला, आणि तसाच चिरा. कोंब कितीतरी वर सापडेल. या वेळी शेंडा कापला तर तो फुटवा संपतो, पण बुडाशी झोपलेले डोळे जागे होतात आणि नवे फुटवे येतात. कापणीचा फायदा होतो तो इथेच.

मात्र त्या डोळ्यांना फुटायला शिदोरी लागते. ती मुळांबरोबरच दांड्याच्या खालच्या चार-पाच बोटांत साठवलेली असते. जमिनीसपाट कापलं की पान जातं, शिदोरीही जाते. अमेरिकेत क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञाने गवतं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांवर काय होतं ते पाहिलं होतं. 1955 साली ते प्रसिद्ध झालं. हिरवा पाला निम्म्यापर्यंत काढला तर मुळांची वाढ जवळजवळ अडत नाही. 80 टक्के काढला तर मुळं साधारण 12 दिवस वाढायची थांबतात. त्या 12 दिवसांत पावसाने ओढ दिली तर काय होईल ते सांगायला नको.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पशुपालकाला मीच "खालून घ्या, स्वच्छ दिसेल" असं सांगून बसलो होतो. आठवडाभर कुरण खरंच गालिच्यासारखं दिसलं. मग उघडी पडलेली माती तापली, ठोंबांच्या मधल्या जागा मोकळ्या झाल्या आणि त्या जागा गवताने नव्हे, तणाने भरल्या. तेव्हापासून कुरणाला "स्वच्छ" हा शब्द मी वापरत नाही.

तर उंची किती ठेवायची? ठोंब करून उंच वाढणाऱ्या गवतांना 10 ते 15 सेंटिमीटर. मोठ्या माणसाने मूठ वळून अंगठा उभा धरला की साधारण तेवढं भरतं. हरळीसारखी जमिनीवर पसरणारी गवतं 5 ते 7 सेंटिमीटरवर कापली तरी चालतात, कारण त्यांची शिदोरी जमिनीलगतच्या आडव्या दांड्यांत असते. चार बोटं आडवी ठेवून मापा. यंत्राची उंची गोठ्यापुढच्या फरशीवर लावू नका. कुरणात दोन-तीन मीटर चालवा, उतरा, मूठ लावून बघा. जमीन उंचसखल असेल तर नेहमीपेक्षा दोन बोटं वरच ठेवा, नाहीतर उंचवट्यांवर पातं मातीत घुसतं.

वेळही तितकीच महत्त्वाची. जनावरं बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांत कापणी उरकायची. आठवड्याने कापाल तर जुन्या दांड्यांबरोबर नुकतं फुटलेलं कोवळं पानही कापलं जाईल आणि गवताला दुसऱ्यांदा सुरुवात करावी लागेल. जमिनीत वाफसा हवा, म्हणजे ओल असावी पण चिखल नसावा. चिखलात यंत्र घातलं की चाकोऱ्यांखालची माती दबते आणि तिथे बरेच दिवस गवत धड वाढत नाही. ओल संपत आली असेल तर कापूच नका. उभं जून गवत निदान मातीवर सावली धरतं.

आता थोडं स्पष्ट बोलतो. हंगामात एखादी, फार तर दोन वेळा अशी कापणी पुरायला हवी. चराईच्या प्रत्येक फेरीनंतर यंत्र काढावं लागत असेल, तर गडबड चराईच्या बेतात आहे. कप्पा (एका वेळी चारायला कुंपणाने वेगळा केलेला कुरणाचा भाग) मोठा, जनावरं कमी आणि दिवस जास्त, असं झालं की जनावर निवडून खातं: कोवळं तेवढं पुन्हा पुन्हा आणि जून कधीच नाही. डिझेल जाळण्याआधी कप्पे लहान करा. गवत 20 ते 25 सेंटिमीटर झालं की जनावरं आत घ्यायची, निम्मं खाऊन झालं की बाहेर. एका कप्प्यात तीन दिवसांहून जास्त नको, कारण चवथ्या दिवसापासून नवी फूट तोंडाला लागते आणि जनावर आधी तीच खातं. वाढीच्या दिवसांत कप्प्याला महिनाभर विसावा द्या, वाढ मंदावली की त्याहून जास्त. किती जनावरं बसतील याचा ढोबळ हिशोब असा: जनावर रोज आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खातं. 400 किलोच्या गाईला 10 ते 12 किलो लागतो, आणि तो कप्प्यातल्या वरच्या निम्म्या गवतातूनच मिळायला हवा.

दुसरा प्रश्न शेणाच्या पोंभोवती उभ्या राहणाऱ्या हिरव्यागार कड्यांचा. गाई-म्हशी स्वतःच्या शेणाजवळचं गवत टाळतात, आणि ते बरंच आहे. जंतांच्या बहुतेक अळ्या शेणापासून जवळ आणि गवताच्या खालच्या 5 सेंटिमीटरमध्ये असतात. (उंची राखण्याचं हे आणखी एक कारण. फार खाली चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांना जंतांचा त्रास जास्त का, याचंही उत्तर यातच आहे.) अशी कडी कापून टाकायला हरकत नाही. पो फोडून पसरायचे असतील तर कडक, कोरड्या उन्हाचे दिवस निवडा, म्हणजे अळ्या वाळून मरतील, आणि मग कप्प्याला पूर्ण विसावा द्या. ओलाव्यात पसरलेत तर एका जागचे जंत सगळ्या कुरणाला वाटल्यासारखं होईल. गाईंमागून मेंढ्या चारल्या तरी फायदा होतो. गाईचे बहुतेक जंत मेंढीत टिकत नाहीत, मेंढीचे गाईत नाहीत. शेणकिडे भरपूर असतील आणि पो आठवडाभरात भुसभुशीत होऊन मातीत जात असतील, तर काहीच करू नका. आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक दिलेल्या जनावराच्या शेणात मात्र या किड्यांची पिल्लं मरतात, म्हणून गरज नसताना सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजू नका.

तणाबाबत विचारणाऱ्यांना थोडक्यात: वर्षायू, उभी वाढणारी तणं कळी धरली की, फूल उमलायच्या आत कापा. फार लवकर कापलीत तर खालून फांद्या फोडून पुन्हा येतात, उशीर केलात तर तुमचं यंत्रच त्यांचं बी पेरतं. गाजर गवताला हा उपाय पुरत नाही. ते बुटकं राहूनही फुलतं. ओल्या जमिनीतून, फुलाआधी, मुळासकट उपटा, आणि हातमोजे घाला, कारण त्याने कातडीला खाज-पुरळ येतो. घाणेरीही मुळापासूनच काढायची.

काढलेली विषारी झाडं कुरणात सोडू नका, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. उभं असताना जनावर ज्याला तोंड लावत नाही, ते कापून सुकलं की वासाची आणि चवीची ओळख बुजते आणि ते चाऱ्याबरोबर खाल्लं जातं. घाणेरीचं विष यकृतावर जातं. कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते. दुसरा धोका ज्वारीच्या जातीतल्या गवतांचा. कापल्यानंतर फुटलेले कोवळे पोंगे, त्यात पाण्याचा ताण, म्हणजे किराळीची, कोवळ्या फुटव्यातल्या विषाच्या बाधेची, भीती. असे फुटवे गुडघ्याच्या वर, निदान 45 ते 60 सेंटिमीटर होईपर्यंत जनावर आत घालू नका. किराळ लागलेलं जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. तिथे घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

"कापलेलं गवत उचलायचं की तिथेच ठेवायचं?" पातळ थर असेल तर राहू द्या, कुजून खत होईल. ओळीवर ओळ जाड पडली तर खालचं गवत पिवळं पडून गुदमरतं, तेव्हा दंताळ्याने पसरा किंवा उचला. उचललेलं ओलं गवत ढीग करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खायला घातलं, असं करू नका. ढिगात हात घाला, आतली ऊब कळेल. ते आंबायला लागलेलं असतं, बुरशीही धरतं. वाळवून ठेवायचं असेल तर गवत निसवायला लागल्यावर कापा. बी धरल्यावर कापलंत तर वजन भरेल, पण निम्मा चोथाच असेल. उलटसुलट करत दांडी वाकवल्यावर कट्‌कन मोडेपर्यंत वाळवा. ओल 15 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय गंजी रचू नका. ओलं गवत रचलेल्या गंज्या आतून तापून आपोआप पेटतात.

खताविषयी एकच मुद्दा नीट समजून घ्या. चरणारं जनावर खाल्लेल्या नत्र-स्फुरद-पालाशाचा मोठा वाटा शेण-मुतातून कुरणालाच परत देतं, फक्त तो सावलीत आणि पाण्याच्या हौदाजवळ साचतो; म्हणून हौद अधूनमधून हलवा. कापून बाहेर नेलेलं गवत मात्र काहीच परत देत नाही. एक टन वाळलेल्या गवताबरोबर साधारण 15 ते 20 किलो नत्र आणि जवळपास तितकंच पालाश रानाबाहेर जातं. दरवर्षी एकाच कप्प्यातून वैरण नेत असाल तर शेणखत तिथे आधी टाका. युरिया दिलात तर दाणे पुरते विरघळून गवत पुन्हा चरण्याजोगं होईपर्यंत जनावरं लांब ठेवा.

राहता राहिलं यंत्र. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी सगळी टोकं तपकिरी दिसली तर पात्याला धार लावायची झाली असं समजा. कापणीच्या आदल्या दिवशी हातात बादली घेऊन कुंपणाकडेने आणि झाडांखालून फिरा. दगड, डबे, विशेषतः तारेचे तुकडे वेचा. अखंड तार जनावर सहसा गिळत नाही. पात्याखाली तिचे बोटभर तुकडे झाले की ते गवताबरोबर पोटात जातात, जाळीच्या पोटात रुततात आणि तिथून हृदयाच्या पिशवीपर्यंत पोचतात. शक्य असेल तर कापायला मधून सुरुवात करा आणि कडेकडे सरका. कडेने आत येत गेलात तर ससे नि पाखरांची पिल्लं मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडली जातात.