ताबा त्यांचा, घर कुणाचं?

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातला डॉक्टर. युक्रेनमध्ये झापोरिझ्झियाला शिकलो आणि तिथल्याच वर्गमैत्रिणीशी लग्न केलं. 2021 पासून आम्ही इथे आहोत. पत्नीकडे युक्रेनचा पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड आहे. तिचं माहेर त्याच प्रांतात, अझोव्ह समुद्राकाठी बर्द्यान्स्कला. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस ते रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. सासूबाई 68 वर्षांच्या, मधुमेही, तिथेच राहतात. रशियन पासपोर्ट घेतल्याशिवाय दवाखान्यात मोफत इन्सुलिन मिळत नाही. पत्नीच्या आजोबांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. ते 2023 च्या हिवाळ्यात वारले. 2019 साली त्यांनी नोटरीसमोर मृत्युपत्र करून फ्लॅट माझ्या पत्नीच्या नावे केला होता. त्या दारावर आता नोटीस लागली आहे : तीस दिवसांत रशियन पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हा, नाहीतर घर बेवारस ठरवून शासनजमा करू. पत्नी म्हणते, मी जाऊन येते. सासूबाईंनी पासपोर्ट घेतला तर उद्या युक्रेन त्यांना देशद्रोही म्हणेल का? आणि भारतातल्या कोर्टात काही करता येईल का? किती दिवस लागतील? नोटिशीचा फोटो तिथल्या शेजारीणबाईंनी पाठवला, तो सोबत आहे; त्यांच्या नावे मुखत्यारपत्र करू का? आजोबांच्या मृत्यूचा दाखला रशियन प्रशासनाचा आहे, युक्रेनमध्ये वारसा अजून लावलेला नाही.

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्नीने जाऊ नये. तिकीट काढलं असेल तर रद्द करा. बाकीचं नंतर बोलू.

कारण साधं आहे. तिसऱ्या देशातून येणाऱ्या युक्रेनी नागरिकांना रशियाने ऑक्टोबर 2023 पासून मुख्यतः मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावरूनच आत घेतलं आहे. तिथे फोन उघडून बघतात, जुने मेसेज वाचतात, तासन्‌तास प्रश्न विचारतात. त्याला तिकडे ‘गाळणी’ म्हणतात. तिने 2022 मध्ये फेसबुकवर काय लिहिलं होतं ते तिलाही आठवत नसेल, पण त्यांना सापडेल. आणि ओसीआय कार्डाच्या भरवशावर राहू नका. ते भारतात राहण्याचा परवाना आहे, भारताचं नागरिकत्व नव्हे. तिला तिथे अडकवलं तर आपला दूतावास ‘आमची नागरिक आहे’ म्हणून दार ठोठावू शकणार नाही. फ्लॅट मिळेल न मिळेल, बायको मात्र अडकेल.

आता सासूबाई. इन्सुलिन आधी, घर नंतर, हा क्रम मी वकील म्हणून सांगतोय आणि तुम्ही डॉक्टर म्हणून तो मान्य करालच. त्यांनी पासपोर्ट घ्यावा. हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही, कारण युद्धाविषयीच्या 1907 च्या हेग नियमांचं कलम 45 स्पष्ट सांगतं की व्याप्त, म्हणजे शत्रुसैन्याच्या ताब्यातल्या, प्रदेशातल्या रहिवाशांना शत्रुसत्तेच्या निष्ठेची शपथ घ्यायला भाग पाडता येत नाही, आणि रशियन नागरिकत्वाच्या अर्जात शपथ आहेच. युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जीनिव्हा कराराची कलमं 55 आणि 56 तर ताबा घेणाऱ्या सैन्यावरच औषधपाण्याची आणि दवाखाने चालू ठेवण्याची जबाबदारी टाकतात. पासपोर्ट दाखवा, मग सुई घ्या, असं कुठल्याही कलमात नाही. पण 68 वर्षांच्या बाईने खिडकीवरच्या कारकुनाला कलम 55 वाचून दाखवावं, असा सल्ला मी देणार नाही.

रशियाने दबाव टप्प्याटप्प्याने वाढवला. एप्रिल 2023 च्या हुकुमाने सांगितलं, 1 जुलै 2024 पर्यंत नागरिकत्व घेतलं नाही तर तुम्ही या गावात परके. मार्च 2025 च्या दुसऱ्या हुकुमाने परक्यांना मुदत दिली : 10 सप्टेंबर 2025 पर्यंत कागद नीट करा, नाहीतर निघा. जन्मापासून ज्या अंगणात राहिलो तिथे परदेशी म्हणून नोंदणी करा, असा हा प्रकार. चौथ्या कराराचं कलम 49 व्याप्त प्रदेशातून माणसांना सक्तीने हलवण्यावर बंदी घालतं, हेतू काहीही असो.

पासपोर्ट घेतला म्हणून सासूबाईंचं संरक्षण जातं का? नाही. त्याच कराराचं कलम 8 म्हणतं की संरक्षित माणूस स्वतःहूनसुद्धा हे हक्क सोडू शकत नाही. आपल्याकडे भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतो ना, तशी सही इथे चालतच नाही. कलम 47 पुढे जातं : ताबा घेणाऱ्याने प्रदेश आपल्या देशाला जोडला असं जाहीर केलं, तरी रहिवाशांचे हक्क जिथल्या तिथे राहतात.

आणि देशद्रोह? युक्रेनच्या कायद्यात लादलेलं रशियन नागरिकत्व ग्राह्य धरलंच जात नाही, आणि साध्या रहिवाशाने पासपोर्ट घेणं हा गुन्हा नाही. 2023 मध्ये यावरून कीव्हमध्येच दोन सूर होते. उपपंतप्रधान इरिना वेरेश्चुक म्हणत होत्या, घेऊ नका. मानवाधिकार आयुक्त दिमित्रो लुबिनेत्स म्हणाले, जीव वाचत असेल तर घ्या. मी लुबिनेत्सांच्या बाजूचा. मात्र एक लक्ष्मणरेषा सासूबाईंना नीट समजावून सांगा : पासपोर्ट घेणं वेगळं आणि तिथल्या प्रशासनात पद घेणं, मतदानाच्या कामाला बसणं, प्रचार करणं वेगळं. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या दंडसंहितेत सहकार्याच्या गुन्ह्याचं नवं कलम, 111-1, आलं, ते या दुसऱ्या प्रकारासाठी. पेन्शन घ्या, इन्सुलिन घ्या, कमिटीत नाव घालू नका. जुना युक्रेनी पासपोर्ट फाडू नका, कुणी मागितला तरी शक्यतो देऊ नका.

आता घर. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तपकिरी लोखंडी दार, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद, छापील मजकुरात फ्लॅटचा नंबर निळ्या बॉलपेनने भरलेला. म्हणजे नोटिसा गठ्ठ्याने छापून आणल्या आणि दारोदार फिरून नंबर भरले. घर बेवारस आहे की नाही याची चौकशी कुणी केलीय असं त्या कागदावरून वाटत नाही.

आमच्या दिवाणी कोर्टात रोज एक वाक्य कानावर पडतं : ताबा म्हणजे मालकी नव्हे. बर्द्यान्स्कला तेच लागू आहे, फक्त ताबेदार रणगाडा घेऊन आलाय. हेग नियमांच्या कलम 46 नुसार खासगी मालमत्ता जप्त करता येत नाही. सरकारी इमारतींचासुद्धा ताबा घेणारा मालक होत नाही. त्याच हेग नियमांचं कलम 55 त्याला सांभाळ करणारा आणि उपभोग घेणारा एवढंच मानतं, मूळ चीज मोडायची नाही या अटीवर. आपल्याकडचा बारा वर्षांच्या वहिवाटीचा युक्तिवादही तिथे चालत नाही. वर्षं कितीही जावोत, लष्करी ताबा मालकीत पिकत नाही. सायप्रसच्या तितीना लोइझिदू यांची कायरेनियातली जमीन 1974 मध्ये तुर्की सैन्यामागे राहिली. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 1996 मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी, सांगितलं की कायदेशीर मालकीण त्याच. भरपाईचे पैसे, व्याजासह दहा लाखांहून अधिक युरो, तुर्कस्तानने 2003 मध्ये भरले. जमीन मात्र आजही तारेपलीकडे आहे. हे सगळं सांगितलं, कारण तुम्ही ‘किती दिवस लागतील’ असं विचारलंय. दिवसांत मोजू नका.

शिवाय लोइझिदूबाईंना जे दार उघडं होतं ते तुम्हाला बंद आहे. रशिया 16 सप्टेंबर 2022 पासून त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला. तुमची नोटीस त्यानंतरची. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे व्यक्तिगत तक्रार अजून करता येते, पण तिचं मत अंमलात आणायला बेलीफ नाही.

मग उरलं काय? हेगमध्ये युक्रेनसाठीची नुकसान-नोंदवही आहे. युरोप परिषदेने मे 2023 मध्ये ती स्थापली आणि 2 एप्रिल 2024 पासून दावे घ्यायला सुरुवात झाली. अर्ज युक्रेनच्या ‘दिया’ या सरकारी ॲपमधून होतो, नाशिकमधूनही होईल. व्याप्त प्रदेशातल्या स्थावर मालमत्तेचा ताबा किंवा वापर गमावल्याचा एक स्वतंत्र प्रकार त्यात आहे. तुमचा दावा त्यातला. ही नोंदवही आहे, तिजोरी नाही. पण ज्याचं नाव नोंदवहीत नाही त्याला पुढे कोण विचारणार?

इथे खरी अडचण येते, आणि ती तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलाय : आजोबांच्या मृत्यूचा दाखला रशियन प्रशासनाचा आहे आणि युक्रेनमध्ये वारसा लावलेला नाही. डॉक्टर, तुमची कच्ची कडी बर्द्यान्स्कच्या दारावर नाही, इथे आहे. युक्रेनच्या कागदावर फ्लॅटचे मालक अजून दिवंगत आजोबाच. मालकच नाही अशा माणसाचा दावा नोंदवहीत कसा टिकेल?

यावर इलाज आहे. युक्रेनच्या 2014 च्या कायद्यानुसार व्याप्त प्रशासनाची सगळी कागदपत्रं रद्दबातल, जन्म-मृत्यू मात्र अपवाद. त्यामागे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 1971 चं नामिबियाविषयीचं मत आहे : बेकायदा सत्तेचे हुकूम मानू नका, पण माणूस जन्मला, मेला, त्याचं लग्न झालं ही नोंद नाकारून रहिवाशांचंच नुकसान करू नका. युक्रेनच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 317 अशा मृत्यूंसाठीच आहे. तिथलं न्यायालय रशियन दाखला, अंत्यविधीचे फोटो, साक्षी पाहून मृत्यू झाल्याचं ठरवतं आणि असे अर्ज तातडीने घेतं. त्या निकालावर युक्रेनी दाखला मिळतो आणि नोटरी वारसाचं प्रकरण उघडतो. सहा महिन्यांची मुदत उलटून गेली असेल. ती वाढवून मागण्याची सोय आहे आणि गाव व्याप्त होतं हे कारण पुरेसं वजनदार आहे. मृत्युपत्राची मूळ प्रत बर्द्यान्स्कच्या नोटरीच्या कपाटात राहिली तरी घाबरू नका, त्याची नोंद वारसा-नोंदणीच्या संगणकात असते.

फ्लॅटची नोंद मात्र तपासा. आजोबांना तो कारखान्याकडून मिळाला आणि 1994 मध्ये खासगीकरणात नावावर झाला, असं तुम्ही लिहिता. 2013 पूर्वीचे व्यवहार कागदी रजिस्टरात असायचे, तिथल्या मोजणी कार्यालयात. समजा आपल्याकडे सिटी सर्व्हेचं दफ्तरच शत्रूच्या हाती पडलं. म्हणून 1994 च्या त्या प्रमाणपत्राचा फोटो, जुनी वीजबिलं, जे असेल ते झापोरिझ्झियातल्या वकिलाला द्या. त्याच्या नावे मुखत्यारपत्र दिल्लीतल्या युक्रेनी दूतावासात करता येईल. किंवा इथे नोटरीसमोर सही करून राज्य शासनाचं प्रमाणन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्या.

शेजारीणबाईंच्या नावे मात्र मुखत्यारपत्र करू नका. नोटिशीत मालक स्वतः हवा आहे, तेव्हा त्याचा उपयोग नाही, आणि उद्या प्रश्न त्यांना विचारले जातील. त्यांनी फोटो पाठवला हेच खूप झालं.

भारतातलं कोर्ट? नाही. जीनिव्हा करार कायदा, 1960, आपल्याकडे आहे, पण त्याखालची फिर्याद फक्त सरकारला करता येते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा 1969 चा एक निकाल आडवा येतो, आणि तो आपल्या शेजारचा, गोव्यातला आहे. फादर मोंतेरो या पाद्रीने 1962 मध्ये पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं. पुढे त्यांना गोवा सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी याच चौथ्या कराराचा आधार घेतला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलं की गोव्यातला लष्करी ताबा संपून प्रदेश भारतात सामील झालेला आहे, म्हणून संरक्षण उरलं नाही, आणि 1960 चा कायदा कुणाला स्वतंत्र दाद मागण्याचा हक्क देत नाही.

मॉस्कोच्या वकिलाला हा निकाल आवडेल, पण त्याने तो पूर्ण वाचावा. लढाई चालू असताना केलेलं विलीनीकरण अकाली असतं, त्याने करार बाजूला पडत नाही, हा फरक त्याच निकालात केलेला आहे. गोव्यातली लढाई दोन दिवसांत संपली आणि 1974 मध्ये पोर्तुगालनेही विलीनीकरण मान्य केलं. झापोरिझ्झियाची आघाडी अजून धगधगते आहे. 12 ऑक्टोबर 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 143 देशांनी रशियाचं विलीनीकरण अवैध ठरवलं, 5 विरोधात गेले, 35 तटस्थ राहिले. त्या 35 मध्ये आपण होतो. दिल्लीत कुणाकडे अर्ज घेऊन जाणार असाल, तर एवढं माहीत असू द्या.

सासूबाईंना बाहेर काढायचं म्हणालात तर रस्ता आहे, लांबचा. रशियातून बेलारूस आणि तिथून मोक्रानी–दोमानोवे सीमा पायी ओलांडून युक्रेनमध्ये. जुना युक्रेनी पासपोर्ट जपून ठेवायला सांगितलं ते यासाठीसुद्धा. मधुमेही बाईला तो प्रवास झेपेल का, हे मला विचारू नका, तुम्ही ठरवा.

या आठवड्यात एवढं करा. दारावरच्या नोटिशीचा मूळ फोटो शेजारणीकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तारीख-वेळेची आतली नोंद पुसली जाते. तो मिळाला की त्यांना फोनमधून फोटो आणि तुमचं सगळं संभाषण पुसायला सांगा. तिथल्या नाक्यांवर फोन उघडतात.