पेशी आपले पूर्वायुष्य विसरते का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकते. त्वचेच्या पेशीपासून प्रयोगशाळेत मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणारी पेशी, तयार करता येते, असे ती सांगते. मग 70 वर्षांच्या माणसाच्या त्वचेपासून केलेली मूलपेशीही म्हातारीच असते का, आणि आपण पूर्वी त्वचा होतो हे ती विसरते का?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : वय जवळजवळ पुसले जाते, पूर्वओळख मात्र पुरती पुसली जातेच असे नाही.

त्वचेच्या आणि यकृताच्या पेशीतील डीएनए एकच असतो, परंतु त्यातील सायटोसीन या घटकावर मेथिल या छोट्या रासायनिक गटाच्या ज्या खुणा (म्हणजेच मेथिलेशन) असतात, त्यांची मांडणी वेगळी असते आणि कोणती जनुके गप्प राहणार हे ठरण्यात तिचा मोठा वाटा असतो. आपल्या तांबट आळीच्या भाषेत सांगायचे तर भांडे तेच, कल्हई वेगळी. (मेथिलेशनला सरसकट 'जनुकाचे कुलूप' म्हणण्याची पद्धत मला पटत नाही, जनुकाच्या अंतर्भागात हीच खूण जनुक चालू असतानाही आढळते.) जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये मानवाच्या पेशींत चार जनुके घालून ही कल्हई खरवडून नवी चढवता येते आणि त्या पेशीची मूलपेशी होते, हे दाखवले. अशा पेशीला 'प्रेरित मूलपेशी' म्हणतात.

संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 मध्ये अशा 353 जागांवरील मेथिलेशनवरून पेशीचे वय मोजण्याची रीत मांडली. या मोजमापाने प्रेरित मूलपेशीचे वय शून्याच्या आसपास भरते, मग दाता 70 वर्षांचा का असेना.

पण भांड्याच्या कानाकोपऱ्यात जुनी कल्हई राहावी, तसे काही ठिकाणी मूळ ऊतीचे मेथिलेशन टिकते. उंदरांवरील 2010 च्या संशोधनात रक्तापासून केलेल्या मूलपेशी पुन्हा रक्ताकडे अधिक सहज वळताना दिसल्या. मानवी पेशींच्या 2011 मधील अभ्यासात तर गुणसूत्रांच्या मध्याजवळ आणि टोकांजवळ असे मोठे पट्टे सापडले, जिथे मेथिलेशन भ्रूणीय (भ्रूणापासून मिळणाऱ्या) मूलपेशींसारखे झालेलेच नव्हते. शिवाय मेथिलेशनच्या अशा काही चुका पुढे त्यांच्यापासून घडवलेल्या पेशींतही उतरल्या.

पेशी प्रयोगशाळेत वारंवार नव्या बशीत वाढवत गेल्यास ही स्मृती बरीच विरते. म्हणून जुन्या, मुरलेल्या पेशी अधिक विश्वासार्ह, असा अर्थ मात्र काढू नये : स्त्रीदात्याच्या पेशींत, दीर्घकाळ वाढवल्यावर, निष्क्रिय एक्स गुणसूत्रावरील (स्त्रीच्या पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी गप्प ठेवलेल्या एकावरील) मेथिलेशन झिजून गप्प असलेली जनुके जागी होऊ शकतात, आणि ही झीज पेशींना पुढे कोणतेही रूप दिले तरी भरून निघत नाही.