अनुदान पडलं म्हणतेत, पण खात्यात दिसंना

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पावसात आमचं दीड हेक्टर सोयाबीन पार नासलं. पंचनामा झाला, यादीत नाव बी आलं. शेजाऱ्याला पैसे पडले, मला नाहीत. तलाठी म्हणतेत पाठवलेत, बँक म्हणते आलेच नाहीत. आधार तर लिंक आहे माझं. कुठं जाऊ?
– एक शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : दादा, दोघंबी खरं बोलत असतील. अनुदान आता पासबुकावरचा नंबर बघून येत नाही, आधारवर येतं, आणि सरकारी पैशासाठी आधारला एकच खातं जोडलेलं असतं, जे शेवटी जोडलं ते. सिम घेताना दुकानात अंगठा लावून उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, नाहीतर पोस्टमनने दारात येऊन काढलेलं, असं एखादं असतं आणि आपल्या ध्यानातच राहत नाही. आधी पोराला मोबाईलवर आधारच्या साईटवर जाऊन ओटीपी टाकायला लावा, तिथं बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, त्यात बँकेचं नाव, चालू का बंद आणि कोणत्या तारखेला जोडलं ते सगळं दिसतं. ज्या बँकेचं नाव निघंल तिथं जाऊन एन्ट्री मारून घ्या, पैसे तिथंच असायची शक्यता जास्त. जुन्याच बँकेत पाहिजेत तर तिथं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायसाठी, आधार सीडिंगचा (जोडणीचा) फॉर्म भरा, नुसती झेरॉक्स देऊन केवायसी केली तर हे काम होत नाही.

स्टेटस बरोबर असूनही पैसे नसतील तर मग ई-केवायसी राहिली का बघा. तलाठ्याकडून यादीतला व्हीके नंबर (तुमच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक) घ्या आणि सेवा केंद्रावर अंगठा द्या. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) मंजूर असंल तर त्या वर्षी ही अट नव्हती. जिरायतीला हेक्टरी ८,५०० प्रमाणं तुमचे १२,७५० होतात, रब्बीच्या बियाण्यासाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० त्याहून वेगळे, तेव्हा दोन्ही रकमा वेगवेगळ्या विचारा.

प्रश्न : माझ्या नावच्या जमिनीचं अनुदान आलं, पण बँकेने होल्ड लावलाय. आमच्या मालकांचं (नवऱ्याचं) पीककर्ज थकलंय, मी जामीनदार आहे. साहेब म्हणतेत कर्ज भरा मग काढा.
– एक वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : ताई, हे चुकीचं आहे, आणि असं ऐकलं की जीव जळतो. वावरातली मातीसुद्धा वाहून गेलेल्या माणसाला सरकार जे चार पैसे देतं ते थकबाकीत वळवायचे नाहीत, या मदतीच्या शासन निर्णयातच असतं की बँकांनी या रकमेतून वसुली करू नये. कर्ज आहे ते आहे, ते कोणी नाकारत नाही, पण त्याचा हिशेब या पैशातून नाही. काउंटरवर तोंडी भांडण करू नका, त्याचा कागद होत नाही. शाखाधिकाऱ्याच्या नावानं साधा अर्ज लिहा, त्यात खाते नंबर, अनुदान जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि होल्ड काढा एवढंच, सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. शासन निर्णयाची प्रत तहसीलमध्ये मागा, ती जोडली की बोलणं कमी लागतं. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्ह्याच्या लीड बँक (अग्रणी बँक) मॅनेजरला द्या आणि तिन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. पोच द्यायला का कू करत असतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा.