नव्या नाटकाचा पहिला प्रयोग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका लहान नाट्यगृहात मी नव्या प्रायोगिक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला गेले होते. जेमतेम साठ खुर्च्या, पडदा नाही, मध्यंतर नाही. दोन पात्रे शेवटपर्यंत एक रिकामी पेटी इकडून तिकडे नेत राहिली. मध्येच एक नट अडखळला, एकदा दिवे अवेळी गेले. कथानक म्हणावे असे काही हाती लागले नाही. दोष माझ्या समजुतीचा की नाटकाचा? आणि इतका कच्चा प्रयोग लोकांना दाखवावाच का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. नट अडखळणे, दिवे अवेळी जाणे हा कच्चेपणा झाला. कथानक हाती न लागणे हा कच्चेपणा असेलच असे नाही. पहिल्या गोष्टीचे कारण बहुधा अगदी व्यावहारिक असते. लहान संस्थेच्या मंचावर आज एक कार्यक्रम तर उद्या दुसरा असतो, त्यामुळे नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसह रंगीत तालमीला अनेकदा एखादाच दिवस मिळतो, आणि दिव्यांचे संकेत नटांच्या हालचालींशी नीट जुळायला तेवढा वेळ पुरत नाही. चार प्रयोगांनंतर पुन्हा गेलात, तर यातले बरेचसे निस्तरलेले दिसेल.

तरीही प्रेक्षकांना बोलवावेच लागते, कारण पुढे काय होणार हे ठाऊक नसलेला माणूस तालमीत कधीच मिळत नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना प्रत्येक विराम पाठ झालेला असतो. तो किती लांबवला म्हणजे ताण धरतो आणि कुठे चुळबुळ सुरू होते, हे अनोळखी माणसे समोर बसल्याखेरीज कळत नाही. रूढ घाटाच्या नाटकाला आधीच्या असंख्य नाटकांचा अनुभव हाताशी असतो, प्रायोगिक नाटकाला तो आधारही नसतो. नाटककार सॅम्युएल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा पहिला प्रयोग ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमधल्या बाबिलोन या लहान नाट्यगृहात झाला. अखेरीस एका पात्राची विजार घसरून घोट्यापर्यंत पडते, असे संहितेत आहे. ती भूमिका करणाऱ्या नटाने, हसे होईल या धास्तीने असेल, ती अर्ध्यावरच धरून ठेवली. हे कानावर येताच बेकेट यांनी दिग्दर्शक रॉजे ब्लँ यांना पत्र लिहून बजावले की विजार पूर्ण खाली गेलीच पाहिजे. पुढे जगभर गाजलेल्या नाटकातही पहिल्या प्रयोगानंतर अशी दुरुस्ती बाकी होती.

आता समजण्याविषयी. आपण बहुधा सुरुवातीलाच ‘या पेटीचा अर्थ काय’ असे मनात विचारले असणार, आणि उत्तर मिळेना म्हणून पुढचे बरेचसे डोळ्यांसमोरून नुसते निघून गेले असणार. अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवून पाहावे. पेटी प्रत्येक वेळी तशीच उचलली गेली का? सुरुवातीला दोन्ही हातांनी जपून ठेवलेली पेटी पुढे पायाने सरकवली गेली का? ओझे कोणाकडे जास्त वेळ राहिले, आणि ते दुसऱ्याकडे देताना दोघे एकमेकांकडे पाहत होते का? साठ खुर्च्यांच्या जागेत नटाच्या मनगटावरचा ताणही दिसतो, आणि असे नाटक बसवणारा दिग्दर्शक बऱ्याचदा त्याच भरवशावर असतो. मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी हे नाटक मुळी लिहिलेलेच नसते.

मात्र दुर्बोध ते सगळे सखोल, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ प्रायोगिक नाटके केवळ फसलेली असतात आणि गूढतेची शाल पांघरून वावरतात. माझी कसोटी अशी आहे की नाटकाने पहिल्या दहा मिनिटांत स्वतःला जे नियम घालून घेतले ते त्याने पाळले का, आणि मोडले असतील तर ते मोडल्याने काही घडले का. या कसोटीवर आपले नाटक उतरत नसेल, तर दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : तीन मिनिटे उशीर झाला म्हणून मला आत सोडले नाही. एवढी कडक शिस्त कशासाठी?

उत्तर : अशा जागेत प्रेक्षकांचा दरवाजा अनेकदा खेळाच्या जागेलगतच उघडतो, त्यामुळे उशिरा येणारा माणूस नकळत प्रवेशच घेतो. वेळेवर जावे, याहून वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

प्रश्न : संस्था नफ्यासाठी चालत नाही असे म्हणते, मग तिकीट घेऊन वर देणगीचे आवाहन का करते?

उत्तर : नफा न घेणे म्हणजे शिल्लक कोणा मालकाच्या खिशात न जाता कामासाठीच वापरली जाणे, खर्च त्यामुळे टळत नाही. तालमींचे आठवडे विनाउत्पन्न जातात, आणि जागा साठच असल्या की सगळे प्रयोग भरूनही हिशेब बहुधा जुळत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली या अडचणीचे मूळ दाखवून दिले : कारखान्यात यंत्रांमुळे तेच काम कमी माणसांत होऊ लागते, पण चार वादकांची रचना वाजवायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे प्रयोगकलांचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वाढतच राहतो. ही ओढाताण जुनीच आहे. पॅरिसमधल्या गॅस कंपनीत कारकून असलेल्या आंद्रे आंत्वान यांनी १८८७ साली ‘तेआत्र लिब्र’ हे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा मंचावरचे सामान आईच्या घरून आणून हातगाडीवरून ओढत नेले होते. पुढे त्यांचे नाट्यगृह वर्गणीदारांवर चालले. ही माणसे न पाहिलेल्या नाटकांसाठी आगाऊ पैसे देत, आणि प्रयोग खासगी ठरत असल्याने सेन्सॉरचा जाचही टळे. देणगी मात्र ऐच्छिकच असावी; दारात डबा धरून प्रेक्षकाला अवघडून टाकणे मला रुचत नाही. आणि वर्षाचा जमाखर्च मागितल्यावर संस्थेने तो दाखवावा, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रश्न : प्रयोगानंतरच्या चर्चेत सगळे कौतुकच करत होते. मला नाटक आवडले नव्हते, म्हणून गप्प बसलो. बोलायला हवे होते का?

उत्तर : हवे होते, पण निकाल देऊ नये. पहिल्या प्रयोगावरचे निकाल किती तकलादू असतात, याचे ठळक उदाहरण नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांच्या, पुढे नावाजलेल्या ‘द बर्थडे पार्टी’चे आहे. मे १९५८ मध्ये ते लंडनमध्ये आले, बहुतेक समीक्षकांनी झोडपले आणि आठवड्याभरात बंद पडले. समीक्षक हॅरॉल्ड हॉब्सन यांनी ‘संडे टाइम्स’मध्ये त्याची मनापासून केलेली प्रशंसा छापून आली, तोवर प्रयोग थांबलेले होते. चर्चेत ‘नाटक लांबले’ असे म्हणण्यापेक्षा ‘दुसऱ्यांदा अंधार झाल्यावर माझे लक्ष उडाले आणि पत्र वाचण्याच्या प्रसंगी परत आले’ असे सांगावे. त्यातून दिग्दर्शकाला नेमकी जागा सापडते. शेवट बदला, अमुक पात्र काढा, असले सल्ले देऊ नयेत. तो त्यांचा प्रांत आहे. सगळ्यांसमोर बोलवत नसेल, तर पुढच्या प्रयोगाच्या आत संस्थेला चार ओळी लिहून पाठवाव्यात.